रस्त्यावरचे मृत्यू निम्मे करायचे, पण कोणी?

(कॅडेट, इयत्ता दहावी)

दर जानेवारीत राष्ट्रीय रस्ता सुरक्षा महिना येतो. आपल्या शाळेत घोषवाक्य स्पर्धा होते, मेसच्या भिंतीवर भित्तिपत्रके लागतात आणि सभागृहात एक व्याख्यान होते. या वर्षी व्याख्यात्यांनी सांगितले, "२०३० पर्यंत अपघाती मृत्यू निम्मे करण्याचे आपल्या देशाचे उद्दिष्ट आहे." आम्ही टाळ्या वाजवल्या. नंतर मी वाचनालयात बसून असे उद्दिष्ट यापूर्वी कधी ठरले होते का आणि त्याचे काय झाले, हे शोधले. जे सापडले ते या लेखात मांडतो.

उद्दिष्टे कोणती ठरली?

२००७ मध्ये सुंदर समितीने रस्ता सुरक्षेवर अहवाल दिला. त्यावर आधारलेले राष्ट्रीय रस्ता सुरक्षा धोरण केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०१० मध्ये मंजूर केले. संयुक्त राष्ट्रांनी २०११ ते २०२० हे दशक रस्ता सुरक्षेसाठी जाहीर केले. २०१५ मध्ये जगाने शाश्वत विकासाची ध्येये स्वीकारली. त्यांतील ३.६ क्रमांकाचे लक्ष्य २०२० पर्यंत रस्त्यावरील मृत्यू व जखमी निम्मे करण्याचे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया येथे परिषद झाली आणि तिथल्या जाहीरनाम्यावर भारताने सही केली.

२०२० उजाडले तेव्हा लक्ष्य दूरच होते. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे पुन्हा परिषद झाली. ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दुसरे दशक जाहीर केले. आकडा तोच राहिला, पन्नास टक्के. मुदत मात्र दहा वर्षे पुढे गेली.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी अहवाल काढते. त्यांतले आपल्या देशातील मृत्यूंचे आकडे असे आहेत:

२०१० – १,३४,५१३
२०१५ – १,४६,१३३
२०२० – १,३८,३८३
२०२१ – १,५३,९७२
२०२२ – १,६८,४९१
२०२३ – सुमारे १ लाख ७३ हजार

२०१५ च्या आकड्याचे निम्मे म्हणजे साधारण ७३ हजार. २०२० मध्ये कित्येक आठवडे टाळेबंदीमुळे रस्ते ओस पडले होते, तरीही घट जेमतेम पाच टक्के झाली. आता २०२१ हे वर्ष पाया धरले, तर २०३० मध्ये आकडा ७७ हजारांपर्यंत खाली यायला हवा. २०२३ पासून हिशोब केला तर दरवर्षी साधारण ११ टक्के घट सलग सात वर्षे व्हावी लागेल. प्रत्यक्षात आकडा वर चढतो आहे.

१ लाख ७३ हजार हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. कारगिल युद्धात आपले ५२७ जवान शहीद झाले. दर २६ जुलैला आपण त्यांच्यासाठी मौन पाळतो. भारताच्या रस्त्यांवर तेवढी माणसे साधारण २७ तासांत मरतात. मरणाऱ्यांत दहापैकी आठांहून अधिक जण १८ ते ६० या कामाच्या वयातले असतात. जगात ५ ते २९ या वयोगटाच्या मृत्यूचे पहिले कारण रस्ता अपघात आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण सगळे कॅडेट त्याच वयोगटात आहोत.

निम्मे करणे अशक्य आहे का? तसेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे २०१० ते २०२१ या काळात दहा देशांनी आपले मृत्यू पन्नास टक्के किंवा त्याहून जास्त कमी केले. जपान, डेन्मार्क, नॉर्वे हे त्यांत आहेतच, पण रशिया, बेलारूस आणि संयुक्त अरब अमिरातीही आहेत.

दिल्लीतील एक सकाळ आणि एक कायदा

महाराष्ट्राने या प्रश्नाचा चटका थेट दिल्लीत अनुभवला आहे. ३ जून २०१४ रोजी सकाळी केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथ मुंडे विमानतळाकडे निघाले होते. पृथ्वीराज रोड आणि तुघलक रोड यांच्या चौकात दुसऱ्या मोटारीने त्यांच्या मोटारीला धडक दिली. ते मागच्या आसनावर बसले होते. एम्सच्या ट्रॉमा केंद्रात त्यांना वाचवता आले नाही. मंत्री होऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. मागच्या आसनावरचा पट्टा लावलेला असता तर ते वाचले असते, असे तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी बोलून दाखवले होते.

त्याच सरकारात रस्ते वाहतूक खाते नागपूरच्या नितीन गडकरी यांच्याकडे आले होते. नव्या कायद्याचा मसुदा त्याच वर्षी तयार झाला, पण तो पुढे सरकला नाही. २०१६ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले. लोकसभेत मंजूर होऊन ते राज्यसभेत अडकले आणि रद्द झाले. शेवटी २०१९ मध्ये दुरुस्ती मंजूर झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून तिची बरीच कलमे लागू झाली. अपघातानंतर कायदा यायला पाच वर्षे लागली.

या कायद्यात आपण लक्षात ठेवावे असे बरेच आहे. दंड वाढले, हे सर्वांना माहीत आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. जखमीला मदत करणाऱ्या माणसाला कलम १३४-अ ने संरक्षण दिले आहे. आणि कलम १९८-अ प्रमाणे रस्त्याची आखणी किंवा बांधणी ठरलेल्या मानकांप्रमाणे न करणाऱ्या कंत्राटदारालाही दंड होऊ शकतो.

डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत उत्तर देताना गडकरींनी स्वतःच मान्य केले की, मृत्यू पन्नास टक्के कमी करण्याचे जे लक्ष्य त्यांनी ठेवले होते ते गाठता आले नाही, उलट मृत्यू वाढले. परदेशातील परिषदांत या विषयावर बोलणे निघाले की तोंड लपवावेसे वाटते, असेही ते म्हणाले. मंत्र्याने सभागृहात इतके स्पष्ट बोलावे हे मला महत्त्वाचे वाटते. पण चुकले कुठे, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो.

शिस्त हवीच, पण ती पुरेशी आहे का?

आपल्यासारख्या शाळेत कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले असते: लोकांना शिस्त नाही. आकडेही प्रथमदर्शनी तेच सांगतात. २०२२ च्या अहवालात ७१ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले आहे. हेल्मेट न घातलेले ५० हजारांवर लोक त्या वर्षी मेले.

वेगाचे गणित आपण भौतिकशास्त्रात शिकलो आहोत. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ५० किलोमीटर वेगाने भिंतीवर धडकणे म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून खाली पडणे. ताशी १०० किलोमीटरने धडकणे म्हणजे २० नव्हे, तर ३९ मीटरवरून पडणे. अडथळ्यांच्या मैदानात आपण भिंतीवरून उडी मारतो तेव्हा उस्ताद किती काळजी घेतात ते आठवा. ती भिंत १० मीटरच्या जवळपासही नसते.

तरीही शिस्त पुरेशी नाही असे मी म्हणतो, त्याचे कारण आमच्या घरात आहे. माझे धाकटे मामा मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक होते. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात ते रजेवर गावी आले होते. रात्री तालुक्याहून परत येताना त्यांची मोटारसायकल रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीचे चाक पंक्चर होते, म्हणून ती तिथेच सोडून ट्रॅक्टरवाला निघून गेला होता. मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, ऊस मात्र हातभर बाहेर आलेला होता. मामांच्या डोक्यावर हेल्मेट होते आणि पट्टी बांधलेली होती. आमच्या घरात त्यांच्याइतका शिस्तीचा माणूस दुसरा नव्हता. कागदावर कारण पडले 'अतिवेग'. आजी आजही म्हणते, "बॉर्डरवरनं दोनदा नीट आला, आन् गावच्या वाटंवर गेला."

एका रकान्यात एकच कारण लिहिता येते, तेव्हा ते बहुधा चालकाचे लिहिले जाते. ट्रॉली, रिफ्लेक्टर, अंधारा रस्ता, उशिरा आलेली गाडी यांना त्या रकान्यात जागा नसते. दिल्ली आयआयटीचे प्राध्यापक दिनेश मोहन यांनी हा मुद्दा आयुष्यभर मांडला. माणूस चुकणारच, म्हणून चूक झाली तरी जीव जाणार नाही असा रस्ता आणि असे वाहन बनवले पाहिजे, असे ते सांगत. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये 'व्हिजन झिरो' हे धोरण स्वीकारले, त्याचा गाभाही हाच आहे. त्यात चालकाला सूट मिळते असे नाही. त्याच्याबरोबर रस्ता बांधणारा आणि सांभाळणारा यांनाही जबाब द्यावा लागतो.

दिल्लीच्या रस्त्यावर जबाबदार कोण?

बाबांची नेमणूक सध्या दिल्ली छावणीत आहे, त्यामुळे सुट्टीत मी तिथे असतो. दिल्लीची गोष्ट थोडी वेगळी आहे. २०१० मध्ये तिथे २,१५३ लोक रस्त्यावर मेले, २०२२ मध्ये १,४६१. देशाचा आकडा वाढत असताना दिल्लीचा सुमारे एक तृतीयांशाने खाली आला. तरीही दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत २०२२ मध्ये सर्वांत जास्त मृत्यू दिल्लीतच झाले. त्यांत सर्वांत मोठा गट मोटारीत बसलेल्यांचा नाही. तो पायी चालणाऱ्यांचा आहे, दर दहा मृत्यूंत सुमारे चार.

असे का होते, हे धौला कुआँहून गुरुग्रामकडे जाताना समजते. हा राष्ट्रीय महामार्ग ४८. महिपालपूरला दोन्ही अंगांनी दाट वस्ती आणि हॉटेले, आणि मध्ये भरधाव गाड्यांच्या अनेक मार्गिका. मी बसमधून पाहिले, एक बाई कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन दुभाजकावर उभी होती. तिला पलीकडच्या बसथांब्यावर जायचे होते. तिला बेशिस्त म्हणणे सोपे आहे. पण दूरवर जाऊन, जिने चढून-उतरून परत यायचे, हा मार्ग तिच्यासाठी कोणी आखला?

मी बाबांना विचारले, "हा रस्ता कोणाचा?" रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. वाहतूक दिल्ली पोलिसांची. आतल्या गल्ल्या महापालिकेच्या, थोडे मागे छावणी मंडळाची हद्द, शहरातले इतर मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे. सिरहौल ओलांडले की हरियाणा लागतो, पोलीस आणि सरकार दोन्ही बदलतात. यमुनेपलीकडे नोएडा आणि गाझियाबाद उत्तर प्रदेशात. राजधानी क्षेत्रात रोज लाखो लोक या हद्दी ओलांडून कामाला जातात. मृत्यू निम्मे करण्याचे लक्ष्य मात्र यांच्यापैकी कोणा एकाच्या नावावर लिहिलेले नाही.

देशपातळीवर ही उणीव भरून काढायला २०१९ च्या कायद्यात राष्ट्रीय रस्ता सुरक्षा मंडळाची तरतूद आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याची अधिसूचना निघाली आणि मुख्यालय राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात असेल असे ठरले. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हे मंडळ सहा महिन्यांत स्थापन करा असे सांगावे लागले. म्हणजे दशकाची पहिली चार वर्षे सरली, तरी ज्याने लक्ष ठेवायचे त्याची खुर्ची रिकामीच होती.

एक रस्ता, एक लक्ष्य

याउलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९४ किलोमीटरचा, २००२ मध्ये पूर्ण खुला झालेला. २०१६ मध्ये त्यावर १५१ लोक मेले. त्या वर्षी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, सेव्हलाइफ फाउंडेशन आणि महिंद्र कंपनी यांनी मिळून हा मार्ग 'शून्य मृत्यू' करण्याचे काम हाती घेतले.

त्यांनी प्रत्येक अपघाताची जागा तपासली. कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर मागून गाड्या आदळतात असे दिसले, म्हणून थांबलेल्या ट्रकवर कारवाई झाली. उघडे खांब आणि काँक्रीटचे कठडे यांच्यापुढे लोखंडी संरक्षक पट्ट्या बसवल्या. दुभाजकातील फटी बुजवल्या, फलक सुधारले, रुग्णवाहिका लवकर पोहोचेल अशी व्यवस्था केली. यांतले एकही काम फार अवघड नाही. २०१९ पासून या मार्गावरील वर्षाचे मृत्यू शंभराच्या आत आले आणि काही वर्षी २०१६ च्या निम्म्याहूनही खाली गेले. २०२० पर्यंत शून्य करायचे ठरले होते, ते झाले नाही, आणि आकडा मधूनमधून पुन्हा वरही जातो. पण देश जे करू शकला नाही, ते या एका रस्त्याने बऱ्याच अंशी केले.

फरक कशाने पडला? तिथे रस्ता ठरलेला होता, माणसे ठरलेली होती आणि प्रत्येक मृत्यूचा हिशोब कोणी द्यायचा हेही ठरलेले होते.

सैन्यात हे आपल्याला नवीन नाही. बाबा एमटीत सुभेदार आहेत. गाडी निघण्यापूर्वी 'फर्स्ट परेड', वाटेत थांबल्यावर 'हॉल्ट परेड' आणि परत आल्यावर 'लास्ट परेड' होते. टायर, ब्रेक, दिवे, पाणी, तेल सगळे तपासले जाते. अपघात झाला तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. बाबा म्हणतात, "ड्रायव्हरला विचारतातच. पण त्याला किती तास झोप मिळाली होती आणि गाडी कोणी पास केली, हे मला विचारतात." गावच्या ट्रॉलीला फर्स्ट परेड असती तर, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला.

फील्डक्राफ्टच्या तासाला आपण तोंडी आदेश द्यायला शिकतो. मकसद सांगून आदेश संपत नाही. कोणता सेक्शन, कोणत्या वाटेने, किती वाजता, सोबत काय, हे सगळे सांगावे लागते. मग उस्ताद विचारतात, "कोई शक?" 'सन २०३० पर्यंत निम्मे' हा नुसता मकसद आहे. तो प्रत्येक जिल्ह्यापर्यंत आणि प्रत्येक धोकादायक जागेपर्यंत वाटून दिला, त्यापुढे एका अधिकाऱ्याचे नाव आणि तारीख लिहिली, तर त्याचा आदेश होईल. त्यासाठीची माहिती आज उपलब्ध आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या ज्या ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात होतात किंवा दहा मृत्यू होतात, त्याला 'ब्लॅक स्पॉट' म्हणतात. मद्रास आयआयटी आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी अपघातांची संगणकीय नोंदप्रणालीही तयार केली आहे.

सुट्टीवर जाताना

आपण धोरण ठरवत नाही. पण दोन महिन्यांनी आपण सगळे बस, रेल्वे, जीप आणि काकांच्या मोटारसायकलवरून घरी जाणार आहोत. तेव्हा एवढे करू या.

१. मोटारीत मागे बसलो तरी पट्टा लावायचा. मागच्यांनाही तो बंधनकारक आहे.
२. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागते. स्टेशनवर न्यायला येणाऱ्याला फोनवरच दुसरे हेल्मेट आणायला सांगायचे.
३. गीअर असलेली मोटारसायकल १८ वर्षांपूर्वी चालवायची नाही. गावात सगळे चालवतात, तरी नाही.
४. अपघात दिसला तर ११२ किंवा १०८ ला फोन करायचा. मदत करणाऱ्याला पोलीस आपले नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत. २०२५ च्या योजनेप्रमाणे जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार पैसे न भरता मिळू शकतात. हे घरच्यांनाही सांगायचे.
५. घरी ट्रॅक्टर-ट्रॉली असेल तर मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवायची. स्वतःची झाली की शेजाऱ्याची.
६. गावाजवळ जिथे वारंवार अपघात होतात ती जागा वहीत टिपायची. तो रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा, बांधकाम खात्याचा की महामार्ग प्राधिकरणाचा, ते शोधायचे. मोठ्यांच्या सहीने त्या कार्यालयाला एक अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

मागच्या दिवाळीत पाचवे काम मी आणि मामेभावाने गावात केले. पट्टीचे एक रीळ आणले, ते चौदा ट्रॉल्यांना पुरले. सहाव्याचा अर्ज दिला आहे, पोचपावती आजीच्या देव्हाऱ्यामागे ठेवली आहे. उत्तर आले की पुढच्या अंकात कळवीन.

जय हिंद!